कसाऱ्याच्या बोगद्यात झाकण मिटता आलं पाहिजे: जुने आरपीजी आणि हातातले रिमेक

गोदाकाठी
पंचवटी एक्सप्रेसच्या आमच्या पासवाल्या टोळक्यात परवा वाद झाला, तो इथे आणतोय. माझं म्हणणं साधं आहे: जुने जपानी आरपीजी (पात्र होऊन लांबलचक कथा खेळायचे 'रोल-प्लेइंग गेम') आज खेळायचे तर हातातल्या मशीनवरचे रिमेकच (नव्याने बनवलेल्या आवृत्त्याच) खेळावेत. मूळ आवृत्तीचा हट्ट सोडा.

चार महिने मी निन्टेन्डो डीएसवर (झाकण मिटता येणारं, हातात धरायचं गेमयंत्र) 'ड्रॅगन क्वेस्ट ५' खेळतोय. मूळ गेम १९९२ चा, सुपर फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या निन्टेन्डो यंत्रावरचा, फक्त जपानीत. अधिकृत इंग्रजीत तो आला २००९ मध्ये, याच डीएस रिमेकमुळे. 'मूळच खेळा' म्हणणाऱ्यांनी आधी माझी जपानीची शिकवणी घ्यावी.

नाशिकरोडला चढलो की घोटीपर्यंत गेममधली एक गुहा पार होते. बोगद्यात फोनची रेंज जाते, याला रेंज लागतच नाही. कुणी 'जरा सरका' म्हणालं की झाकण मिटायचं, गेम जागच्या जागी झोपतो. सुरुवातीला तुम्ही लहान पोरगा असता, बापाच्या मागे मागे फिरता. मार खाल्ला की बाप न सांगता बरं करणारा मंत्र टाकतो. पुढे बाप जातो (३० वर्षांहून जुना गेम आहे, रहस्य फोडलं म्हणून ओरडू नका). त्यानंतर तो मंत्र मला स्वतः निवडावा लागला, तेव्हा इगतपुरी आली होती. डबा गच्च, आणि मी उगाच बॅगेत काहीतरी शोधत बसलो.

सातपूर जनरल शिफ्ट
बाप छान, पण मुद्दा चुकलाय. रिमेक म्हणजे डाळिंबाचे दाणे काढून वाटीत दिलेले. खायला सोपे, पण नखं काळी होत नाहीत.

'फायनल फँटसी' घ्या, १९८७ चा पहिला. त्यात प्रत्येक पातळीचे मंत्र मोजकेच वेळा टाकता येतात. दलदलीच्या गुहेत शिरताना मनात हिशोब चालू: दोन आता वापरले तर शेवटी मुकुट मिळवायचा तिथे काय उरेल? चौघांनी एकाच राक्षसावर वार लावले आणि तो पहिल्याच वारात मेला, तर बाकीचे तीन वार हवेत. म्हणून विचार करून वाटणी करावी लागते. २००४ मध्ये हातातल्या गेमबॉय ॲडव्हान्सवर त्याचा रिमेक 'डॉन ऑफ सोल्स' आला आणि हे सगळं गेलं. मोजक्या मंत्रांऐवजी एमपी (मंत्रांवर खर्च होणारे गुण), वार आपोआप दुसऱ्या राक्षसाकडे वळतो, कुठेही सेव्ह. मग ती गुहा गुहा राहत नाही, गंगापूर रोडवरचा संध्याकाळचा फेरफटका होतो.

गोदाकाठी
अहो, त्याच मूळ गेममध्ये बुद्धिमत्तेचा आकडा निव्वळ शोभेचा होता! बगमुळे त्याचा काहीच उपयोग होत नव्हता. काही मंत्र तर चालतच नव्हते. आणि औषधाच्या बाटल्या एकेक करून विकत घ्यायच्या. ९९ हव्या तर ९९ वेळा तेच. यात कसलं शौर्य, राव?

सातपूर जनरल शिफ्ट
बाटल्यांचं मान्य. वारांचं नाही. बोट दुखणं वेगळं आणि डोकं दुखणं वेगळं. रिमेक करणारे दोन्ही एकाच झाडूने काढतात, हीच तर तक्रार आहे.

पांडवलेणी पायऱ्या
दोघांनाही एक विचारते. 'मूळ' म्हणता, ते आपल्यापैकी कुणी खेळलं होतं? ९० च्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे नकली ८ बिट डबे होते. मारिओ, कॉन्ट्रा, आणि 'लाखभर गेम' असं छापलेल्या कॅसेटमध्ये तेच सात-आठ फिरवून फिरवून. सेव्हची सोयच नाही, तिथे ३० तासांचा आरपीजी येणार कुठून? आपली आठवण उसनी आहे.

मी आपली 'हार्टगोल्ड'वाली. १९९९ च्या 'पोकेमॉन गोल्ड'चा २००९ मधला रिमेक. सोबत खिशात ठेवायचं पोकेवॉकर येतं, पावलं मोजतं. पांडवलेणी चढून उतरले की पोकेमॉनला अनुभव मिळतो, मला गुडघेदुखी. आणि मूळ 'गोल्ड'च्या कार्ट्रिजची गोष्ट: आत घड्याळ चालवणारी बॅटरी असते, ती संपली की सेव्हही जातं. माझ्या मावसभावाच्या ५० तासांची अशीच राख झाली. मूळ जपायचं म्हणता, मूळ स्वतःच स्वतःला जपत नाही.

मखमलाबाद नाका
रिमेक देतो तसा घेतोही, हे कुणी बोलतच नाहीये. 'पर्सोना ३' चा पीएसपीवरचा (सोनीचं हातातलं यंत्र) 'पोर्टेबल' घ्या, २००९ चा. नायिका म्हणून खेळता येतं आणि साथीदारांना स्वतः हुकूम देता येतात. २००६ च्या मूळ गेममध्ये ते आपल्या मर्जीने लढायचे, ऐन वेळी भलताच मंत्र टाकायचे. भारी सुधारणा. पण शहरात चालणं गेलं. स्थिर चित्रावर खूण फिरवायची आणि माणूस निवडायचा. शाळा सुटल्यावर स्टेशनपर्यंत भटकण्यात जी मजा होती, ती पीएसपीत मावली नाही.

तरी मी पोर्टेबलच खेळतो. घरात टीव्हीवर आईच्या मालिका असतात.

सातपूर जनरल शिफ्ट
ताईंचा उसन्या आठवणीचा मुद्दा लागला, खोटं कशाला बोलू. मीपण मूळ गेम २०१२ मध्ये कॉम्प्युटरवर इम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) टाकूनच खेळलो. तरी गोदाकाठी, पैज घ्या. येत्या रविवारी मूळ आवृत्तीत दलदलीची गुहा, सेव्ह स्टेट (इम्युलेटरची कुठल्याही क्षणी सेव्ह करायची सोय) न वापरता. मुकुट आणलात तर शब्द मागे घेतो.

गोदाकाठी
घेतली. पण रविवारी द्राक्षांची छाटणी आहे, सासरे पिंपळगावला बोलावतायत. सोमवारी गाडीत खेळतो. झाकणाची बिजागरी तडकलीय फक्त, चिकटपट्टीवर चाललंय.

मखमलाबाद नाका
डीएस लाईटच आहे ना? माझीपण तिथेच गेली, उजवीकडे. फेविक्विक लावू नका, बटणं अडकतात.