परतीची रात्रगाडी
"येताना विमानच बरं, रात्रीच्या गाडीत सहलीची मजा उतरते" असं कुणीतरी म्हटलंय. आमचं उलट झालं. जाताना दोघंही सामानाच्या याद्या तपासत बसलो होतो. येताना दिवे मालवल्यावर नवरा वरच्या बर्थवरून हात खाली सोडून झोपला, आणि मी तो हात बराच वेळ नुसता धरून पडले होते. चपलेतली वाळू अजून टोचत होती!

बर्थ मात्र डब्याच्या मधोमध बघून घ्या. टोकाला खाली चाकं असतात, शिवाय दाराची आदळआपट आणि संडासाचा वास. वरच्या बर्थवर हेलकावेही जास्त जाणवतात. आणि पहाटे पोचतोय म्हणून त्याच दिवशी ऑफिस गाठू नका. आम्ही गाठलं, दोघंही दुपारभर पेंगलो.