जुन्या सोसायटीत विजेवरच्या वाहनांसाठी चार्जिंगची सोय : सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : सिंहगड रस्ता, पुणे

नमस्कार. आमची सहकारी गृहनिर्माण सोसायटी सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची असून तीत ६४ सदनिका आहेत. इमारतीखालच्या वाहनतळात नव्वदच्या आसपास दुचाकी आणि तीसेक मोटारी उभ्या असतात. सकाळी आठच्या सुमारास सगळ्या गाड्या एकदम सुरू झाल्या की तो धूर पहिल्या मजल्यावरच्या घरांत शिरतो, आणि शाळेच्या गाडीची वाट पाहणारी मुले त्यातच उभी असतात. सोसायटीतील जास्तीत जास्त लोकांनी पुढची गाडी विजेवरची घ्यावी, असे मला मनापासून वाटते. मात्र चार्जिंगची सोय नाही म्हणून कोणी गाडी घेत नाही आणि गाड्या नाहीत म्हणून समिती सोय करत नाही, अशी आमची कोंडी झाली आहे. समितीपुढे दोन लाखांच्या आसपासचा सामाईक जलद चार्जरचा प्रस्ताव आला होता, तो खर्चामुळे बारगळला. ज्येष्ठ सभासदांना आगीची भीती वाटते. शिवाय कोळशाच्या विजेवर गाडी चालवून प्रदूषण खरोखर कमी होते का, हा प्रश्न सभेत विचारला गेला आणि मला त्याचे नीट उत्तर देता आले नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : निवृत्त विद्युत अभियंता

प्रस्ताव बारगळला हे एका परीने बरेच झाले, असे मी म्हणेन. जलद चार्जर महामार्गावर हवा. जिथे गाडी रात्रभर उभी असते तिथे त्याची गरज नाही. आपल्याकडे नव्वद दुचाकी आहेत, म्हणून विचार त्यांच्यापासून सुरू करा. रोज तीस किलोमीटर धावणाऱ्या स्कूटरला साधारण एक ते सव्वा युनिट वीज लागते. अशा वीस स्कूटर रात्रीच्या सहा तासांत आळीपाळीने चार्ज केल्या, तर सरासरी भार चार किलोवॅटच्या घरात जातो, म्हणजे दोन गिझरइतका. याच वीस स्कूटर संध्याकाळी आठला एकदम जोडल्या, तर मात्र तो पंधरा किलोवॅटपर्यंत चढू शकतो आणि जुन्या केबलची परीक्षा तिथेच होते. म्हणून सॉकेटवर टायमर बसवून चार्जिंग रात्री अकरानंतर सुरू होईल अशी व्यवस्था करावी. मोटारीलाही रोजच्या चाळीस किलोमीटरसाठी सुमारे सहा युनिट लागतात, आणि ते सोळा अँपिअरच्या सॉकेटवरून दोन तासांत भरून निघतात.

कोळशाच्या विजेचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला आकड्यांनीच उत्तर द्यायला हवे. आपल्या देशातील ग्रीडच्या (वीजवहनाच्या सामाईक जाळ्याच्या) एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तर एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे २.३ किलो. लिटरला ४५ किलोमीटर धावणारी स्कूटर किलोमीटरमागे ५१ ग्रॅम सोडते; विजेवरच्या स्कूटरला चार्जिंगमधील गळती धरून किलोमीटरमागे ३५ वॅट-तास (हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट) लागतात असे मानले, तर हा आकडा २५ ग्रॅमच्या आसपास येतो, म्हणजे निम्मा. मोटारीत फरक इतका मोठा नाही, जेमतेम एक तृतीयांश. वाहनतळातला धूर मात्र दोन्हींत पूर्णपणे थांबतो, आणि आपली मुले जिथे उभी असतात तिथल्या हवेसाठी तेच महत्त्वाचे आहे.

उत्तर २ : एका सोसायटीचे सचिव, ठाणे

आम्ही या मार्गाने गेलो आहोत, म्हणून अनुभव सविस्तर लिहितो. आमची पहिली चूक अशी झाली की, एका सभासदाने तिसऱ्या मजल्यावरून खिडकीतून वायर सोडून गाडी चार्ज करायला सुरुवात केली आणि समितीने त्याकडे दुर्लक्ष केले. पावसाळ्यात तो जोड तापून वितळला. कोणाला इजा झाली नाही, पण त्यानंतर वर्षभर या विषयाचे नाव काढले तरी सभा पेटायची.

पुढच्या वेळी आम्ही आधी परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून मीटर बोर्ड, मुख्य केबल, मंजूर भार आणि अर्थिंग यांची तपासणी करून घेतली आणि तो लेखी अहवाल सभेच्या सूचनेसोबत प्रत्येक घरी दिला. विरोध निम्मा झाला तो त्या अहवालाने, भाषणांनी नव्हे. ठराव साधा होता : ज्याला हवे त्याने स्वतःच्या मीटरपासून स्वतःच्या वाहनतळापर्यंत ठरलेल्या मार्गाने, नळीतून, स्वतःच्या खर्चाने केबल आणावी, प्रत्येक केबलला स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळू लागली की ती तोडणारा स्विच) असावा, एक्स्टेंशन बोर्डला बंदी असावी. स्वतःच्या आवारात स्वतःची गाडी चार्ज केल्यास त्या जागेचाच वीजदर लागू होतो, त्यामुळे घरगुती मीटर वापरण्यात अडचण नाही. मात्र घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात, आणि मोटारीच्या महिन्याला दीड-दोनशे युनिटमुळे कुटुंबाचा वापर तीनशेच्या वरच्या टप्प्यात जाऊ शकतो. अशा सभासदांनी महावितरणच्या वाहन चार्जिंगच्या स्वतंत्र वर्गवारीत वेगळी जोडणी घेण्याचा हिशेब जरूर करून पाहावा.

आगीविषयी ज्येष्ठांना जे वाटते ते समजून घ्या. २०२२ च्या उन्हाळ्यात स्कूटर पेटल्याच्या बातम्या त्यांनी वाचल्या आहेत. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षा चाचण्यांचे नियम कडक झाले आणि ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. आम्ही जिन्याजवळ आणि मीटर खोलीजवळ चार्जिंगला मनाई केली, तसेच बॅटरी काढून घराच्या दाराशी, जिन्याच्या वाटेवर चार्ज करण्यालाही.

उत्तर ३ : रोज पीएमपीने (पुण्याच्या शहर बसने) प्रवास करणारी

माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. स्वच्छ इंधन म्हणजे केवळ नवी विजेवरची गाडी, असे चित्र उभे राहिले की ज्यांना ती परवडत नाही ते आपोआप चर्चेबाहेर पडतात. पुण्यात रिक्षा सीएनजीवर आल्या त्यात महापालिकेच्या १२,००० रुपयांच्या अनुदानाचा वाटा होता, आणि फेब्रुवारी २०१९ पासून भेकराईनगरसारख्या आगारांतून विजेवरच्या बस सुटू लागल्या. हे बदल सर्वांसाठी होते. आपल्या सोसायटीत रोज येणाऱ्या घरकाम करणाऱ्या ताई, सुरक्षा रक्षक, दूधवाले आणि सामान पोहोचवणारी मुले यांच्या गाड्या दिवसभर धावतात, म्हणजे इंधनाची खरी बचत तिथेच सर्वाधिक आहे. प्रवेशद्वाराजवळ सबमीटर (वापर वेगळा मोजणारे मीटर) लावलेली दोन सॉकेट त्यांच्यासाठी वाजवी दरात ठेवता आली, तर तो खरा प्रसार होईल.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

तिन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. प्रवेशद्वाराजवळच्या सॉकेटची कल्पना मला सुचली नव्हती, ती मी ठरावात घालणार आहे. आधी तपासणी आणि मग सभा, हा क्रमही पटला. एकच विचारायचे राहिले : या सामाईक विजेसाठी गच्चीवर सौर पॅनेल बसवणे व्यवहार्य आहे का?

उत्तर ४ : निवृत्त विद्युत अभियंता

व्यवहार्य आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण सोसायट्यांना सामाईक सुविधांसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपयांचे अर्थसाहाय्य आहे, आणि त्या सुविधांत वाहन चार्जिंगचाही समावेश आहे. दिवसा तयार झालेली वीज नेट मीटरिंगने, म्हणजे दिलेली वीज बिलातून वजा करणाऱ्या व्यवस्थेने, ग्रीडमध्ये जमा होते, त्यामुळे गाड्या रात्री चार्ज झाल्या तरी काही बिघडत नाही. लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाचे मागील बारा महिन्यांचे बिल काढून त्यावरून क्षमता ठरवा. मात्र आपली इमारत पंचवीस वर्षांची आहे. पॅनेलचे सांगाडे एकदा उभे राहिले की त्यांच्याखालची गळती दुरुस्त करणे फार जिकिरीचे होते, म्हणून गच्चीचे वॉटरप्रूफिंग आधी आणि पॅनेल नंतर, हे ठरावातच लिहून घ्या.