‘ट्रॅक टू’साठी मराठी शब्द: मागोवा, रोख की अभिमुख?

अनुवादिका: ब्लेंडर या अ‍ॅनिमेशन प्रणालीवरची एक प्रशिक्षण-पुस्तिका मी मराठीत आणत आहे. कॅमेरा, दिवा किंवा पात्राचे डोळे सतत एका वस्तूकडे वळलेले राहावेत यासाठी जे बंधन लावतात, त्याचे मूळ नाव ‘ट्रॅक टू’. मी ‘मागोवा’ लिहिले होते, संपादकांनी ‘पाठलाग’ सुचवले. पण यात वस्तू जागची हलत नाही, नुसती वळते. ‘डॅम्प्ड ट्रॅक’ आणि ‘लॉक्ड ट्रॅक’ ही भावंडेही त्याच शब्दातून घडवता यायला हवीत. काय योग्य होईल?

देशीप्रेमी: माग म्हणजे कोणीतरी पुढे गेल्याची खूण, तेव्हा ‘मागोवा’ बाद. बंदुकीचा रोख, नजरेचा रोख, बोलण्याचा रोख असे आपण म्हणतोच. ‘रोख’ हाच शब्द घ्यावा.

संस्कृताभ्यासक: ‘रोख बंधन’ वाचून विद्यार्थ्याला आधी रक्कम आठवेल आणि मग वाट अडवणे. पूर्वाभिमुख घर म्हटलेले मात्र सर्वांना कळते. ‘लक्ष्याभिमुख’, ‘अवमंदित अभिमुख’ (‘अवमंदित’ म्हणजे ‘डॅम्प्ड’, हळूहळू मंदावलेले) अशी सलग नावे घडतात.

अ‍ॅनिमेटर: ‘अवमंदित’ला माझा ठाम विरोध आहे. ‘डॅम्प्ड ट्रॅक’मध्ये झोका हळूहळू स्थिरावावा तसे काही घडत नाही, वस्तू कमीत कमी कोनातून फिरून लक्ष्याकडे वळते, इतकेच. ‘ट्रॅक टू’ला मात्र वरची दिशा दाखवणारा अक्षही सांगावा लागतो आणि म्हणूनच लक्ष्य बरोबर डोक्यावरून गेले की वस्तू एकाएकी गर्रकन फिरते. ‘लॉक्ड ट्रॅक’मध्ये एक अक्ष पक्का धरून केवळ त्याच्याभोवती फिरता येते, जसा रणगाड्याचा बुरूज. हे तीन फरक नावांतून कळणार नसतील, तर मूळ नावेच देवनागरीत ठेवावीत, कारण विद्यार्थ्याला पडद्यावर तीच शोधायची असतात. आमच्या स्टुडिओत ‘कॅमेऱ्याला ट्रॅक टू लाव’ असेच म्हणतात.

देशीप्रेमी: स्टुडिओत जे बोलतात ते पुस्तकात जसेच्या तसे उतरवायचे, तर अनुवादाची गरजच उरत नाही. माया या दुसऱ्या अ‍ॅनिमेशन प्रणालीत याच कामाला ‘एम’ म्हणतात, म्हणजे नेम; तिथे ‘ट्रॅक’चा संबंधच येत नाही.

कोकणकर: आमचे आजोबा ‘घराचा मोहरा पूर्वेला आहे’ असे म्हणत. सैन्यही मोहरा वळवते. ‘मोहरा’ थेट ‘मुख’पासून, प्राकृत ‘मुह’मधून आलेला आहे, याहून अस्सल शब्द सापडणार नाही.

संस्कृताभ्यासक: बुद्धिबळातला मोहरा फारसीतून आलेला आहे. विद्यार्थ्याला तोच आधी आठवेल.

अनुवादिका: निदान ‘लॉक्ड ट्रॅक’साठी ‘अक्षबद्ध’ चालेल का, एवढे कोणी सांगेल का?

कोकणकर: सोंगटीचा मोहरा वेगळा आणि घराचा मोहरा वेगळा. दोन शब्दांचा उच्चार जुळला म्हणून त्यांचे कूळ एक ठरत नाही. आपण फारसी व्युत्पत्ती दोन्हींना लावत असाल, तर घराच्या दर्शनी बाजूचा अर्थ तिच्यातून कसा निघतो, ते आधी दाखवावे.