मुंबई–दुबई विमान : जाताना पावणेदोन तास आणि येताना साडेचार, हे कसे?

पावसकर_७१
पुढच्या महिन्यात माझी आई रत्नागिरीहून प्रथमच बहिणीकडे दुबईला जाणार आहे. तिकिटावर मुंबईहून सुटण्याची वेळ पहाटे ४.१० आणि दुबईला पोहोचण्याची ५.५५ अशी छापली आहे. परतीचे विमान मात्र रात्री ९.५० ला सुटून मुंबईत २.२० ला उतरते. अंतर तेच असताना एवढा फरक कसा पडतो? आईला मधुमेहाची गोळी जेवणाच्या वेळेशी जुळवून घ्यावी लागते, म्हणून प्रवासाचे खरे तास आधी कळायला हवेत. तिचे स्वतःचे मत असे, की जाताना कशेडी घाटासारखा उतार लागत असावा.

हर्णैवाला
तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते आणि दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. तिथले ५.५५ म्हणजे आपले ७.२५, तेव्हा जाण्याचा प्रवास सव्वातीन तासांचा झाला. परतताना तिथले ९.५० म्हणजे आपले रात्रीचे ११.२०, म्हणून तो तीन तासांचा. आईंच्या मनगटावरचे घड्याळ दुबईत उतरेपर्यंत भारतीय वेळेवरच राहू द्या आणि त्या दिवशीच्या गोळीचे डॉक्टरांना विचारून ठेवा.

दर्यावर्दी
वरचा हिशेब बरोबर आहे. उरलेल्या पाव तासाचे कारण वारा. दोन्ही शहरांमधले हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर आहे. हिवाळ्यात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्यामुळे ताशी ८५० किलोमीटरने जाणारे विमान समोरून ८० चा वारा आला की जमिनीच्या हिशेबाने ७७० ने सरकते आणि परतताना तोच वारा पाठीशी असल्याने ९३० ने येते. पावसाळ्यात वरच्या वाऱ्यांची दिशा बदलते आणि हा फरक बराच कमी होतो. आता १,९३० ला ८५० ने भागले तर सव्वादोन तासच येतात, तरी तिकिटावर तीन तास दिसतात. कारण तो वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो, आणि त्यात धावपट्टीपर्यंतची रांग, चढाई व उतरण्यापूर्वीच्या घिरट्याही आल्या. जहाजावर आयुष्य काढलेल्या माणसाला हे नवे नाही, आईंचा उतार म्हणजे हा वाराच. फक्त तो येताना लागतो.

हातखंबा_तिठा
तासांपेक्षा तारीख सांभाळा. गेल्या वर्षी भावाला आणायला मी पूर्ण एक दिवस आधी विमानतळावर जाऊन उभा राहिलो, कारण रात्री सुटलेले विमान दुसऱ्या तारखेला उतरते हे माझ्या ध्यानात आले नव्हते. जातानाची गोष्ट त्याहून नाजूक आहे. पहाटे ४.१० चे विमान म्हणजे मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास विमानतळावर हजर राहणे आले, आणि रत्नागिरीहून मुंबईपर्यंतचे सव्वातीनशेहून अधिक किलोमीटर कापायला महामार्गावर दुबईच्या विमानाच्या दुपटीहून जास्त वेळ जातो. पेण-वडखळला वाहतूक अडली तर विचारूच नका. तेव्हा घर आदल्या दिवशी दुपारीच सोडावे लागेल.

पावसकर_७१
सर्वांचे आभार. तिकीट १२ तारखेचे आहे आणि मी गाडी १२ च्याच दुपारची सांगून ठेवली होती. आत्ताच फोन करून ती ११ ची करून घेतली.