सेल्टिक म्हणजे नुसतं धुकं आणि हार्प का? (लँकमवरच्या शेऱ्याला उत्तर)

एनिसकर
काल 'पाऊसधारा' यांनी झोपण्याआधी ऐकायच्या सेल्टिक, म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या, गाण्यांची यादी टाकली. यादीबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण शेवटी त्यांनी लँकम या डब्लिनच्या लोकसंगीताच्या बँडबद्दल लिहिलंय, "लँकम लावलं, दोन मिनिटांत बंद केलं. सेल्टिक म्हणजे शांतता. ही नवी पोरं लोकसंगीताची वाट लावतायत." हे काही पचलं नाही, म्हणून लांबलचक लिहितोय.

मी बारा वर्षं आयर्लंडच्या पश्चिमेला, काउंटी क्लेअरमध्ये राहतो. इथल्या एकाही वादकाच्या तोंडी 'सेल्टिक' हा शब्द मी ऐकलेला नाही. 'ट्रॅड' म्हणतात, म्हणजे ट्रॅडिशनल, पारंपरिक. सेल्टिक हे दुकानातल्या खणावरचं नाव. आणि इथलं संगीत मुळात नाचाचं. रील, जिग, हॉर्नपाइप, पोल्का, ही सगळी नाचांचीच नावं. स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीला सरकवायचं आणि एका फिडलवर (म्हणजे व्हायोलिनवर) आठ जणांनी फरशी दणाणून सोडायची. १९३५ च्या कायद्याने परवान्याशिवाय सार्वजनिक नाचाला बंदी आली, पाद्री घरगुती नाचांवरही तुटून पडले, तरी हे टिकलं. यात धुकं कुठून आलं?

इथल्या मिलटाउन मालबे गावात १९७३ पासून दर जुलैमध्ये विली क्लॅन्सी समर स्कूल हे ट्रॅडचं शिबिर भरतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पबच्या कोपऱ्यात सहा जण गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. एका म्हाताऱ्या बाईंनी कॉन्सर्टिनावर, म्हणजे हातात धरायच्या छोट्या भात्याच्या पेटीवर, रील सुरू केला. दुसऱ्या फेरीला बासरीवाला शिरला. तिसरी फेरी संपता संपता बाईंनी नुसती भुवई उचलली आणि सहाही जण एका क्षणात पुढच्या ट्यूनमध्ये! नाव सांगणं नाही, टाळ्या नाहीत. मागून कोणीतरी 'हप्' म्हणालं, तेवढंच. माझ्या अंगावर काटा आला.

आता लँकम. २०२३ च्या 'फॉल्स लँकम' अल्बममधलं पहिलंच गाणं, 'गो डिग माय ग्रेव्ह'. जुनं गाणं आहे, प्रेमात फसलेल्या मुलीने गळफास घेतल्याचं. त्यांची गायिका रेडी पीट ते उघड्या, कोरड्या गळ्याने गाते आणि खालचा ड्रोन, तंबोऱ्यासारखा सलग सूर, घोट्यापासून गळ्यापर्यंत पाणी चढावं तसा चढत जातो. आयर्लंडमध्ये मयतापाशी बायका सूर लावून टाहो फोडायच्या, त्याला कीनिंग म्हणत. ते ऐकून कोणाला झोप लागावी अशी अपेक्षाच नव्हती. वाट लावली म्हणता? उलट साठ-सत्तर वर्षं गुळगुळीत केलेलं या पोरांनी पुन्हा खरबरीत केलंय.

पाऊसधारा
माझ्या दोन ओळींवर एवढं मोठं प्रवचन! असो. तुम्ही ज्याला धुकं म्हणता ते मी का ऐकते, ते सांगते. आईच्या शेवटच्या चार महिन्यांत रात्री तिला झोप यायची नाही. वेदना कमी करायला औषध होतं, भीतीला नव्हतं. एन्या ही आयरिश गायिका लावली की ती डोळे मिटायची. शब्द कळत नव्हते, तरी म्हणायची, "ही बाई देवघरात गातेय." ती गेली त्या रात्रीही तेच चालू होतं. तुमचा टाहो तुम्हाला लखलाभ, माझ्या घरात तो आधीच होऊन गेला होता.

आणि एन्या कुठली ते तरी बघा. डोनेगॉलमधल्या ग्वीडोरची, आयरिश बोलणाऱ्या घरातली. तिच्या भावंडांचा आणि मामांचा बँड म्हणजे क्लॅनड. १९८२ मध्ये त्यांचं आयरिश भाषेतलं 'हॅरीज गेम' हे गाणं ब्रिटनच्या खपाच्या यादीत पाचवं आलं. त्याआधी त्या भाषेला तिथे कोण विचारत होतं? तुम्ही बारा वर्षांचे पाहुणे, आणि त्या मातीतल्या मुलीचं संगीत दुकानी ठरवताय?

एनिसकर
आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. त्यावर वाद घालणार नाही. पण मी एन्याचं नाव कुठे घेतलं? 'सेल्टिक म्हणजे शांतता' या तुमच्या व्याख्येवर बोललो. क्लॅनडचे सत्तरच्या दशकातले पहिले अल्बम ऐका. गिटार, डबल बास, बासरी, हार्प, आणि गावच्या म्हाताऱ्यांकडून गोळा केलेली गाणी. ते क्लॅनड मला प्राणप्रिय आहे. नंतर त्यावर सिंथेसायझरची साय चढली, ती मला नको. आणि 'पाहुणे' हा शब्द लागला. माझी दोन्ही मुलं इथे जन्मली आहेत.

रेनकर
एनिसकर, 'दुकानातल्या खणावरचं नाव' हे वाक्य मागे घ्या. मी ब्रिटनीत राहते. लंडनवालं ब्रिटन नव्हे, फ्रान्समधला प्रांत. इथे पूर्वी शाळेत ब्रेटन, म्हणजे इथली सेल्टिक भाषा, बोलताना सापडलेल्या पोराच्या गळ्यात लाकडाचा तुकडा नाहीतर खडावा अडकवायचे. पुढचं पोर ब्रेटन बोलताना सापडेपर्यंत तो काढायचा नाही. माझ्या शेजारच्या आजोबांनी तो घातलाय. ते नातवाशीही फ्रेंचच बोलले. अशा ठिकाणी अ‍ॅलन स्टिव्हेल या हार्पवादकाच्या वडिलांनी नामशेष झालेली ब्रेटन हार्प पुन्हा बनवली, मुलाने ती १९७२ मध्ये पॅरिसच्या ऑलिम्पियाच्या मंचावर नेली आणि शेजारी इलेक्ट्रिक गिटार ठेवली. १९७१ पासून इथल्या लोरियाँ शहरात आंतरसेल्टिक महोत्सव भरतो. स्पेनमधल्या गालिसियाचे गायतावाले (गायता म्हणजे तिकडची बॅगपाइप), स्कॉटलंडचे पाइपवाले, वेल्श, आयरिश सगळे येतात. आमच्यासाठी हा शब्द म्हणजे 'आम्ही एकटे नाही'. आयरिश लोकांना राज्य मिळालं, त्यांना या शब्दाची गरज उरली नसेल. आम्हाला आहे.

एनिसकर
ब्रिटनीपुरतं मान्य. क्लेअरपुरतं नाही.

जात्यावरची
हार्प आणि टाहो यांच्यात स्कॉटलंड राहूनच गेलं. तिकडच्या बेटांवर ट्वीडचं लोकरी कापड विणून झालं की बायका ते शिळ्या मुतात भिजवून टेबलाभोवती बसून आपटायच्या, कापड आटावं म्हणून. एक बाई ओळ म्हणायची, बाकीच्या ध्रुवपद धरायच्या. कामाची लय आणि गाण्याची लय एकच. माझी आजी जात्यावर बसायची तेव्हा हेच व्हायचं, दुसरा हात दांड्याला लागला की दुसरा गळाही लागायचा. तसलंच एक कापड आपटायचं गाणं कॅपरकेली या स्कॉटिश बँडने कीबोर्ड-ड्रम लावून केलं आणि १९९२ मध्ये ते ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिल्या चाळिसात गेलं. स्कॉटिश गेलिक या तिथल्या भाषेतलं असं पहिलंच. साय होती का? होती. पण ज्युली फाउलिससारख्या पुढच्या गेलिक गायिकांना दार त्यानेच उघडलं.

खरा घात केलाय तो कागदाने. हल्ली वहीत सुरांची अक्षरं (ए, बी, सी) लिहून ट्यून शिकवतात. ओवी कधी कोणी वहीतून शिकलंय?

लिमरिकची आई
वहीचं बोललात आणि माझी जखम उघडली. इथे प्राथमिक शाळेत मुलांना टिन व्हिसल, म्हणजे पत्र्याची छोटी बासरी, शिकवतात. माझी लेकही शिकली, वहीतली अक्षरं बघून. मग आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बासरीवाल्याकडे शनिवारी जाऊ लागली. त्याने वही बंद करून मांडीखाली ठेवली आणि म्हणाला, "आधी गुणगुण, मग फुंक." सहा महिन्यांत पोरीचा श्वास बदलला. कुठे थांबायचं, कुठला सूर गिळायचा, हे तिला न सांगता कळायला लागलं. एका ठिकाणी तो 'सी' हा सूर थोडा चढा घ्यायचा, ना नॅचरल (साधा) ना शार्प (अर्ध्या सुराने चढा), मधलाच. तीही तसाच घ्यायला लागली.

मग एका स्पर्धेत गेली. परीक्षकांनी कागदावर लिहून दिलं: 'सी बेसूर, सुधारावा.' घरी येऊन तिने व्हिसल खणात टाकली ती आठ महिने काढली नाही. मला त्या परीक्षकांना विचारायचंय, तुम्ही त्या म्हाताऱ्यालाही बेसूर म्हणाला असता का?

वहीवाला
तुमच्या मुलीचं वाईट झालं, पण दोष परीक्षकाचा. कागदाला कशाला फासावर देता? फ्रान्सिस ओ'नील, कॉर्कचा माणूस, शिकागोच्या पोलिसांचा प्रमुख. त्याने तिथल्या आयरिश लोकांकडून ट्यून गोळा करून १९०३ मध्ये पुस्तक छापलं, १८५० ट्यून. ते नसतं तर यातल्या किती मातीत गेल्या असत्या! आज तुमचे 'कानाने शिकणारे' त्याच पुस्तकातलं वाजवतात.

आणि सपाटीकरण कागदाने नाही, कानानेच केलं. स्लायगोचा मायकेल कोलमन १९२० च्या दशकात न्यूयॉर्कला फिडलच्या तबकड्या भरत होता. त्या तबकड्या घरोघरी पोचल्या आणि आयर्लंडभरचे फिडलवाले आपल्या गावची ढब टाकून त्याच्यासारखं वाजवायला लागले. वही न उघडता!

जात्यावरची
वहीत त्या बाईचा श्वास कुठल्या ओळीवर लिहितात, तेवढं दाखवा.

वहीवाला
तुमच्या आजींच्या ओव्यांपैकी तुम्हाला किती येतात ते सांगा. माझ्या आजीच्या मला एकही येत नाही, कारण कोणी लिहून ठेवल्या नाहीत. ती गेली १९९४ मध्ये. तिचा गळा आठवतो, शब्द आठवत नाहीत. कागदाला शिव्या देताना मला हे आठवतं आणि राग येतो.

जात्यावरची
मला चार येतात. फक्त चार.

लिमरिकची आई
वहीवाले, तुमचं पटलं असं म्हणणार नाही. पण म्हाताऱ्याकडेही ओ'नीलचं पुस्तक आहे, पानं निखळलेलं. समासात पेन्सिलीने स्वतःच्या खुणा केल्यात. बहुतेक तो चढा 'सी'सुद्धा.

रेनकर
स्कॉटलंडच्या मार्टिन बेनेटचं नाव कोणीच घेत नाही? त्याचा २००३ चा अल्बम 'ग्रिट'. आजारपणामुळे स्वतःला वाजवता येईना, तेव्हा त्याने स्कॉटिश भटक्या गायकांची जुनी ध्वनिमुद्रणं घेऊन त्यावर क्लबातले ठोके बांधले. जुने गळे जसेच्या तसे, चिरकेपणासकट. २००५ मध्ये गेला, वय ३३. तबकडी, कान, यंत्र, सगळं एकाच माणसात. तुमची भांडणं वाचताना तोच आठवत होता.

पाऊसधारा
काल रात्री लँकमचं ते गाणं हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐकलं. मला आवडलेलं नाही. शेवटच्या तीन मिनिटांत हेडफोन काढावेसे वाटले. पण काढले नाहीत, कारण हॉस्पिटलात पलीकडच्या खाटेवरची बाई गेली तेव्हा तिच्या बहिणीने असाच आवाज काढला होता. 'वाट लावतायत' हे मागे घेते. माझ्या यादीत मात्र ते येणार नाही.

एनिसकर
यादीत घालू नका, रात्री ऐकायचं ते नव्हेच. 'साय' हा शब्द मीही मागे घेतो, निदान तुमच्या आईंच्या खोलीपुरता.

लिमरिकची आई, गुरुवारी रात्री नऊला आमच्या पबात सेशन असतं, सगळे जमून वाजवतात. मुलीला आणा. दाराजवळच्या बाकावर बसवा, दोन आठवडे नुसतं ऐकू द्या. कोणी तिला वाजव म्हणणार नाही आणि कोणी 'सी' सुधार म्हणणार नाही. तिथे दोघंजण तसाच घेतात.

लिमरिकची आई
विचारलं. "व्हिसल आणायची का?" म्हणाली.