१९३९ ची शेवरले हॉट रॉड: मागचं बूड २ इंच उतरवायचं आहे

कूपे३९: गाडी हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी फेरफार केलेली जुनी गाडी; ती मिशिगनमध्ये आहे. ३५० स्मॉल ब्लॉक इंजिन, मागे ९ इंची फोर्ड अ‍ॅक्सल, दोन्ही बाजूंना कमानपाटे (एकावर एक पाट्यांची स्प्रिंग), तेही अ‍ॅक्सलच्या खालून गेलेले. मागची बाजू फार उंच दिसते. प्रत्येकी एक पाटा काढून टाकू, की पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये ब्लॉक (ठोकळा) घालू? की शॅकल, म्हणजे पाट्याचं मागचं टोक चासीला जोडणारी कडी, बदलू?

पाना_दहाबारा: पाटा काढू नका. उंची उतरेल, पण स्प्रिंगही मऊ पडेल. मग जोरात अ‍ॅक्सिलरेटर दिला की पाट्याला पीळ बसतो, पिनियनचं (अ‍ॅक्सलच्या पुढच्या बाजूचा, शाफ्टला जोडलेला गिअर) तोंड वर उचललं जातं आणि चाकं उड्या मारतात. त्यातून दुसरा पाटा काढलात तर मुख्य पाट्याच्या डोळ्याचा (टोकाच्या कडीचा) आधारच गेला.

ब्लॉक घाला. पाटा अ‍ॅक्सलखाली आहे, म्हणून २ इंची ब्लॉकने गाडी २ इंच खाली येते. पाटा अ‍ॅक्सलवर असता तर त्याच ब्लॉकने ती वर गेली असती. इथे भले भले फसतात.

चासी स्टँडवर, अ‍ॅक्सलखाली जॅक, शॉक सोडलेले, आणि एका वेळी एकच बाजू. ब्लॉकची पिन अ‍ॅक्सलच्या पॅडमध्ये आणि पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं ब्लॉकच्या भोकात पूर्ण बसलंय ना, बोट फिरवून बघा. अर्धवट बसलं तर अ‍ॅक्सल सरकतो, गाडी तिरकी पळते. पाटा अ‍ॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवे आणि २ इंच जास्त लांबीचे घ्या, जुने ताणलेले असतात. नट आलटून पालटून आवळा, शंभरेक मैलांनंतर पुन्हा तपासा. ब्लॉकवर ब्लॉक कधीच नको.

ग्रीसगन: शॅकलच्या नादी लागू नका. शॅकलमध्ये जेवढा फरक कराल त्याच्या निम्माच उंचीत दिसतो. म्हणजे २ इंचांसाठी शॅकल ४ इंच आखूड हवा, तेवढी जागाच नसते. शिवाय मागचा डोळा वर गेला की पिनियन खाली झुकतो, मग तो कोन सुधारायला पाचर घालत बसा.

ब्लॉकबद्दल एक राहिलं. पाटा आणि यू-बोल्टची प्लेट अ‍ॅक्सलपासून २ इंच खाली जाणार. टायर पंक्चर होऊन गाडी रिमवर बसली तरी प्लेट रस्त्याला टेकता कामा नये, रिमच्या खालच्या कडेला दोरी ताणून बघा. आणि सध्या अ‍ॅक्सलपासून बंप स्टॉपपर्यंत (अ‍ॅक्सल वर आपटू नये म्हणून चासीला लावलेला रबर) किती जागा आहे?

कूपे३९: अर्धी टाकी पेट्रोल, टायरमध्ये नेहमीची हवा, गाडी सपाट जमिनीवर. दोन्ही बाजूंना सव्वातीन इंच.

ग्रीसगन: मग २ इंच उतरवल्यावर सव्वाच उरेल. प्रत्येक खड्ड्यात आपटेल. निदान २ इंच तरी हवेत, आणि कशानेही उतरवलं तरी ही जागा जाणारच. एक इंची ब्लॉकवर समाधान माना, नाहीतर अ‍ॅक्सलच्या वर चासीला सी-नॉच (सी आकाराची खाच) कापून आतून प्लेट वेल्ड करून घ्या. प्रोपेलर शाफ्ट वर आल्यावर फ्लोअरला लागत नाही ना, तेही बघा.

पाना_दहाबारा: शॉकही आखूड लागतील. गाडी उभी असताना शॉकचा दांडा निम्म्यावर असावा. शॉक तळाला आपटून अ‍ॅक्सल थांबत असेल तर शॉक लवकरच गळायला लागतो.