वडिलांसाठी सीपॅप मशीन: मेडिक्लेममधून पैसे मिळतात का? सल्ला हवा

पूर्णाकाठची_लेक (परभणी)
नमस्कार मंडळी. वडील ६१ वर्षांचे, जिंतूर तालुक्यात शेती. घोरणं जुनंच, पण वर्षभरापासून 'झोपेत यांचा श्वास थांबायलाय' असं आई म्हणायची. दिवसा ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या डुलकी लागायची, त्याची आम्हाला जास्त भीती. दिवाळीनंतर दम लागला, पायांवर सूज आली, म्हणून संभाजीनगरला ॲडमिट केलं. रात्री ऑक्सिजन खाली जायचा, तेव्हा वॉर्डात बायपॅप (मास्कमधून श्वासाला आधार देणारं मशीन) लावलं होतं. डिस्चार्जनंतर तीन आठवड्यांनी रात्रभराची झोपेची तपासणी झाली. एएचआय ४६ आला, म्हणजे तासाला सरासरी ४६ वेळा श्वास अडतो. डॉक्टरांनी ऑटो सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं मशीन, लिहून दिलंय. मास्क धरून पन्नास हजारांच्या आसपास सांगायलेत.

भाऊ पुण्यात नोकरीला आहे, त्याच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आई-वडील आहेत. टीपीएने (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था) दवाखान्याचं मुख्य बिल दिलं, पण वॉर्डातल्या बायपॅपचं भाडं कापलं, तपासणी 'फक्त निदानासाठी' म्हणून नाकारली, आणि मशीनला 'बाहेरून वापरायचं टिकाऊ उपकरण, देय नाही' असं पत्र आलंय. सोयाबीनचे पैसे रब्बीच्या पेरणीत गेले. कशासाठी भांडावं आणि कशासाठी नाही, हे कोणी नीट सांगेल का?

माजी_फौजी_नांदेड
ताई, घरात कोणी माजी सैनिक आहे का? ईसीएचएसमध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत, तज्ज्ञाची शिफारस, तपासणीचा रिपोर्ट आणि आधी मंजुरी असेल तर मशीन मिळतं. केंद्राच्या पेन्शनरांना सीजीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेतही तशी सोय आहे, ठरलेल्या मर्यादेपर्यंत. तुमच्याकडे यातलं काही नसेल तर खालच्या जाणकारांचं ऐका. पण मशीन लांबणीवर टाकू नका. ४६ म्हणजे फार झालं.

क्लेमटेबल_लातूर
मी दवाखान्याच्या मेडिक्लेम टेबलवर बसतो, रोज हीच कागदं हाताळतो. तुमच्या तिन्ही नकारांची उत्तरं वेगवेगळी आहेत, त्यामुळे एकाच अर्जात कोंबू नका.

मशीनचं आधी. घरी वापरायचं सीपॅप बहुतेक पॉलिसींत सरळ वगळलेलं असतं. तुमच्या पॉलिसीतही तसंच कलम असेल तर विम्याच्या तक्रारी ऐकणारा लोकपालही करार बदलून देत नाही, तिथे ताकद घालवू नका. फक्त एक करा. ग्रुप पॉलिसीच्या अटी भावाची कंपनी आणि विमा कंपनी मिळून ठरवतात, म्हणून भावाला एचआरकडून पूर्ण पॉलिसी मागू द्या, ॲपमधलं दोन पानी माहितीपत्रक नको. त्यात उपकरणांचं वेगळं कव्हर, ओपीडीची रक्कम किंवा कॉर्पोरेट बफर (सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी मिळून राखलेली जादा रक्कम) आहे का ते बघा. कधीकधी असतं आणि कर्मचाऱ्याला कोणी सांगत नाही.

तपासणीचं मात्र सोडू नका! निदानाचं कलम लागतं ते माणूस केवळ तपासणीसाठी ॲडमिट झाला तर, किंवा तपासणीचा त्या आजाराशी संबंध नसेल तर. तुमचे वडील दम आणि सूज म्हणून उपचाराला दाखल झाले होते, ऑक्सिजन घसरतो हे तिथेच दिसलं, आणि तपासणी डिस्चार्जनंतर तीन आठवड्यांत झाली. बऱ्याच पॉलिसींत डिस्चार्जनंतरचे ६० दिवस त्याच आजाराचा खर्च धरतात. तुमच्यात किती दिवस आहेत ते तपासा. डॉक्टरांकडून चार ओळींचं पत्र घ्या: दाखल असताना रात्री ऑक्सिजन किती खाली गेला, म्हणून ही तपासणी सांगितली, आणि ती त्याच उपचाराचा भाग आहे. डिस्चार्ज कार्डावर झोपेच्या तपासणीचा सल्ला लिहिलेला असेल तर अर्धं काम झालं. नसेल तर वॉर्डातल्या नोंदींच्या प्रती मागा, त्या पेशंटच्या हक्काच्या आहेत.

बायपॅपच्या भाड्यासाठी टीपीएशी नको, दवाखान्याच्या बिलिंगशी बोला. विमा नियामकाच्या यादीत दवाखान्यात वापरलेलं बायपॅप आणि सीपॅप उपचाराच्या खर्चातच धरायच्या गोष्टींमध्ये आहे, त्याची वेगळी ओळ लावायची नसते. यादी दाखवून शांतपणे बोललं की रक्कम कमी होते, हा माझा टेबलावरचा अनुभव.

माजलगावकर
अमेरिकेतले व्हिडिओ बघून विचारतो, तिकडे विमा मशीन भाड्याने देतो म्हणतात. आपल्याकडे का नाही? आणि ओळखीत एकजण वापरलेलं मशीन अर्ध्या किमतीत द्यायलाय, ताईंना चालेल का?

श्वासतंत्र_संभाजीनगर
तिकडच्या मेडिकेअर या सरकारी विम्यात आधी १२ आठवड्यांची चाचणी असते. मशीनचा उपयोग होतो असं दिसलं तर १३ महिने भाडं भरलं जातं आणि मग मशीन पेशंटचं होतं. तिथे घरातल्या टिकाऊ उपकरणांसाठी वेगळं कव्हर आहे, आपला मेडिक्लेम दवाखान्यात दाखल होण्याभोवती बांधलेला आहे. ते व्हिडिओ बघून इथे अर्ज लिहू नका.

जुन्या मशीनबद्दल: जून २०२१ मध्ये फिलिप्सने आतला फोम झिजून श्वासात जाऊ शकतो म्हणून लाखो सीपॅप-बायपॅप परत मागवली होती. त्यामुळे मॉडेल आणि सिरीयल नंबर तपासल्याशिवाय हात लावू नका. मशीन किती तास चाललंय तेही स्क्रीनवर बघा. मास्क आणि नळी नवीनच घ्यायची, यात काटकसर नको.

ताई, माझं मत विचाराल तर आधी महिनाभर भाड्याने घ्या. पहिल्या आठवड्यात पुष्कळजण मास्क काढून फेकतात, आणि दोष मशीनचा नसतो, मास्कच्या मापाचा असतो. वडिलांना मिशा असतील तर नाकापुरता छोटा मास्क मागा, मोठा मास्क मिशांवरून हवा सोडतो. तोंड उघडं पडत असेल तर मात्र पूर्ण मास्क लागतो. मास्क घेतानाच तिथे बसवून बघा, घरी नेऊन नाही. मेमरी कार्डाचा रिपोर्टही जपून ठेवा. रोज किती तास लावलं आणि एएचआय कितीवर आला, हे त्यात दिसतं. पुढे कुठल्याही विम्याला तोच कागद दाखवता येतो.

गावात रात्रीची लाईट जाते हे धरूनच चला. इन्व्हर्टरवर चालवताना ह्युमिडिफायरची (हवा दमट करणाऱ्या पाण्याच्या टाकीची) गरम प्लेट बंद ठेवा, सगळ्यात जास्त वीज तीच खाते. बोअरचं पाणी त्यात अजिबात नको, डिस्टिल्ड वॉटरच. आपल्याकडच्या पाण्याचे क्षार टाकीत दगडासारखे बसतात.

पूर्णाकाठची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. वडिलांना मिशा आहेत, भरघोस! भावाने एचआरला मेल टाकलाय. डिस्चार्ज कार्ड काढून बघितलं, त्यावर 'झोपेची तपासणी करावी' असं लिहिलेलं आहे. एक शंका: टीपीएने पुन्हा नाहीच म्हटलं तर? आणि भाऊ नोकरी बदलायचं म्हणतोय.

क्लेमटेबल_लातूर
कार्डावर लिहिलंय ना, मग केस चांगली आहे. टीपीए शेवटचा नाही, निर्णय विमा कंपनीचा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करा आणि कोणत्या कलमाखाली नाकारलं ते लेखी मागा, ते देणं त्यांना बंधनकारक आहे. विमा नियामकाच्या 'विमा भरोसा' या तक्रार पोर्टलवरही नोंद करा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. मराठवाड्यासाठी पुण्याचं कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही, ग्रुप पॉलिसीची तक्रारही चालते. कंपनीच्या अंतिम नकारापासून वर्षाच्या आत जायचं असतं.

नोकरीचं जास्त महत्त्वाचं आहे. भावाने राजीनामा देण्याआधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत आई-वडिलांना नेता येतं का हे विचारा, कव्हरमध्ये खंड पडू देऊ नका. नवीन पॉलिसी काढावी लागली तर आधीच्या आजारांना जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं. आणि फॉर्मवर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडण्याचा हाच आजार), सूज, बायपॅप सगळं लिहा. एजंट म्हणेल 'घोरणं काय लिहायचं'. त्याचं ऐकू नका, पुढे हृदयाचा क्लेमसुद्धा त्याच कारणाने अडवतात.

डॉक्टरांच्या पत्राचा मसुदा झाला की नावं, नंबर झाकून इथे टाका. मी बघून देतो.